पालथा पडलेला कागद

मित्रांनो, मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. नाव ऐकून घाबरू नका. पोटात दिवा आणि तो गार ठेवणारा पंखा, डोक्यावर काच आणि त्याच्याही वर मान काढलेला एक आरसा, एवढाच माझा संसार. काचेवर पारदर्शक कागद ठेवला, की त्यावरची अक्षरं मी भिंतीएवढी करून पडद्यावर दाखवतो. आमच्या अंधेरीच्या कॉलेजातले शिपाई धोंडिराम मला 'उजेडाची पेटी' म्हणतात. मला तेच नाव आवडतं.

माझा जन्म १९८१ साली घाटकोपरच्या एका कारखान्याच्या गाळ्यात झाला. कॉलेजात आलो तेव्हा केवढं कौतुक! प्राचार्यांनी हार घातला, नारळ फोडला. आणि दुसऱ्याच दिवशी, महागाचा बल्ब उडेल म्हणून मला कपाटात कोंडलं. तपासणीला पाहुणे आले की बाहेर, ते गेले की आत. उजेड द्यायला जन्मलेल्यानं अंधारात बसायचं, याचं मला फार वाईट वाटे.

मला बाहेर काढलं ते सगुणा मॅडमनी. त्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या, आमच्याकडे गणित शिकवायच्या. १९८६च्या डिसेंबरात कॉलेजात संगणकीय भूमितीची परिषद भरली. ठिपके, रेघा, आकृत्या यांची कोडी संगणकाकडून कशी सोडवून घ्यायची, याचं हे शास्त्र. मॅडमना तिथं आपला पहिला शोधनिबंध मांडायचा होता. एका संशोधन संस्थेतल्या विद्याधर सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "निबंध टिकला, तर जूनपासून आमच्याकडे संशोधनाला या." तिथं संगणक होता, आमच्याकडे नव्हता. मॅडमचा सारा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

त्यांचा विषय मला तरी समजला. किनाऱ्यावर बोंबील वाळवायला बांबू रोवतात ना? त्या सगळ्या बांबूंभोवती एकच दोर ताणून बांधला, तर तो कोणकोणत्या बांबूंना टेकेल? मॅडमची रीत अशी, की कडेकडेनं चालायचं आणि दर वेळी डावीकडेच वळायचं. जिथं उजवीकडे वळावं लागेल, तो बांबू सोडून द्यायचा.

त्या दिवशी मॅडम छडी घेऊन पडद्यापाशी उभ्या राहिल्या आणि कागद बदलायला धोंडिराम माझ्याजवळ. अक्षरांचे कागद त्यांनी बरोबर ठेवले. पुढच्या कागदावर मात्र नुसते ठिपके आणि बाण होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद ठेवला, पण पालथा! ताजी शाई माझ्या काचेला चिकटली आणि पडद्यावर डाव्याचं उजवं झालं. पण ओरडून सांगायला मला कुठली वाचा? मी आपला उजेड टाकत राहिलो.

"प्रत्येक वळण डावीकडे," मॅडम समोर बघत म्हणाल्या. परिषद इंग्रजीत चालली होती, मी तुम्हाला मराठीत सांगतो आहे.

पुण्याहून आलेले चंद्रप्रकाश सर उठले. "पण पडद्यावर तर सगळी वळणं उजवीकडे आहेत! तुमच्याच नियमानं एकही बांबू उरत नाही."

सभागृहात खसखस पिकली. विद्याधर सरांनी पेनाला टोपण लावलं. मॅडमनी मागे वळून पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्या वेळी बल्ब उडालेलाही चालला असता.

"काय झालं मॅडम?" धोंडिराम कुजबुजले. "पेटी तर झकास चालतेय!"

मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. शाईचा खरखरीतपणा कुठेच लागेना. "अरेच्चा, पालथा पडलाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागद उलटवला. बाण डावीकडे वळले.

पण चंद्रप्रकाश सर सोडतात कसले! "म्हणजे कागद पालथा पडला, की तुमची पद्धत कोलमडते?"

"नाही सर. आता मीच तो पालथा घालते." मॅडमचा आवाज आता खणखणीत होता. "'डावीकडे'च्या जागी 'उजवीकडे' म्हणा आणि चला माझ्याबरोबर." छडी एकेका ठिपक्यावरून फिरली. "बघा, दोर त्याच बांबूंना टेकला. बघणाऱ्याची बाजू बदलली, म्हणून किनाऱ्यावरचे बांबू हलत नाहीत."

पहिली टाळी चंद्रप्रकाश सरांचीच होती. विद्याधर सर म्हणाले, "जूनमध्ये या. आणि ही उलटसुलट गंमत निबंधात घाला." आनंदानं माझा पंखाही घरघरला.

"माझ्यामुळं वाट लागली असती ना, मॅडम!" धोंडिराम हळहळले. "अक्षरं असती तर कळलं असतं."

"अहो धोंडिरामभाऊ, तुमच्यामुळे माझा निबंध दोन्ही बाजूंनी तपासून झाला. चला, चहा घेऊ."

जूनमध्ये मॅडम गेल्या. मला करमेनासं झालं. पण माझ्या उष्णतेनं त्या ठिपक्यांचे डाग काचेवर पक्के बसले आहेत. कुठलाही धडा लावा, अक्षरांच्या मागे ते पुसटसे दिसतातच.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, पंख्यातली धूळ काढत जा. कुणाचं काही चुकलेलं दिसलं, तर हसण्याआधी त्याचा कागद एकदा उलटून बघा. आणि ते ठिपके निघाले नाहीत, तर फार घासू नका. परवाच मागच्या बाकावरच्या चंपानं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, हात वर केला आणि विचारलं, "सर, ह्या सगळ्यांना मिळून एक दोर बांधला तर?"