शत्रूची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझा मागचा डावा पाय बाकीच्या तीन पायांपेक्षा आखूड आहे. आज तुम्ही शाळेतून रांगेने आलात, दोरीपलीकडे उभे राहिलात आणि तुमच्यातल्या एका मुलीने मोठ्याने विचारले, "ही मोडकी खुर्ची कशाला ठेवलीय इथं?" तुमच्या बाईंनी तिला डोळे वटारून गप्प केले. मला मात्र तो प्रश्न आवडला. ही सरकारी इमारत वर्षातून एकदाच लोकांसाठी उघडते आणि येणारे बहुतेक जण छताच्या झुंबराकडे माना वर करून बघत पुढे निघून जातात. त्या मुलीला उत्तर मिळायलाच हवे.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. हात सफाईदार, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. माझे तीन पाय त्याने नीट मापून कापले. चौथा कापताना शेजारच्या लोहाराशी त्याचे कशावरून तरी हमरीतुमरीवर आले आणि त्या भरात करवत जरा वरच चालली. मी या खोलीत आले, तेव्हा बसणारा किंचित हलला तरी फरशीवर टक् असा आवाज व्हायचा. सुतार ओशाळला. पाय बदलून देतो म्हणाला.

"राहू दे," न्यायाधीश म्हणाले. हे निवृत्त न्यायाधीश देशाच्या संरक्षण समितीचे पहिले अध्यक्ष होते. "मला अशीच हवी होती. हिच्यावर बसणाऱ्याला आराम वाटता कामा नये."

सुताराला वाटले, साहेब आपली समजूत काढताहेत. पण न्यायाधीशांनी त्याच आठवड्यात एक रीत घालून दिली. परक्या देशातल्या एखाद्या माणसाला ठार करायचे की नाही, असा विषय समितीपुढे आला, की सदस्यांपैकी एकाने पाळीप्रमाणे माझ्यावर बसायचे आणि त्या माणसाच्या वतीने बोलायचे. 'तो' म्हणायचे नाही, 'मी' म्हणायचे. त्याचे गुन्हे लपवायचे नाहीत, पण त्याच्या बाजूने जे जे खरे आहे ते सगळे सांगायचे. शेवटी एक प्रश्न विचारायचा, आणि ज्याला विचारला त्याने खरे उत्तर दिल्याशिवाय मतदान नाही. लोक मला शत्रूची खुर्ची म्हणू लागले.

हे नाव मला सुरुवातीला फार झोंबले. ज्या लाकडातून मी झाले त्याच लाकडातून अध्यक्षांची खुर्ची झाली होती, आणि तिला सगळे आदराने हात लावायचे. पुढे सवय झाली, आणि खरे सांगते, अभिमानही वाटू लागला. भले भले लोक माझ्यावर बसून घामाघूम झाले. कधी बोलून झाल्यावर मारायचे ठरले, कधी नाही. एकदा एक सदस्य रागारागाने बसला आणि उठताना म्हणाला, "याला मारायलाच हवं. पण का, ते मला आत्ता कळलं." न्यायाधीश सहसा कुणावर खूश होत नसत. त्या दिवशी त्यांनी पसंतीने मान डोलावली.

मग न्यायाधीश गेले. नवे अध्यक्ष आले, चाकांच्या मऊ खुर्च्या आल्या. "ही नाटकं कशाला? वेळ कुणाला आहे?" असे म्हणून मला बोळात काढले. शिपाईमामा माझ्यावर उभे राहून दिवे बदलत आणि एरवी चहाची किटली ठेवत. त्याचे मला वाईट वाटले नाही, किटली निदान ऊब तरी देते. वाईट वाटायचे ते भिंतीपलीकडचे ऐकून. पूर्वी ज्या निर्णयाला अख्खी सकाळ लागायची, तो आता मामांनी नेलेला चहा निवण्याआधी होऊन जायचा. सगळे एका सुरात बोलायचे आणि एका सुरात हो म्हणायचे. आणि एकदा घात झाला. आपल्या माणसांनी ठरलेली गाडी उडवली; गाडी तीच निघाली, आत माणूस वेगळा निघाला. शिकवणी संपवून घरी चाललेली एक गाण्याची शिक्षिका होती ती. त्या दिवशी मामांनी किटली माझ्यावर ठेवली खरी, पण चहा कुणी मागितलाच नाही.

पुढच्या निवडणुकीनंतर अध्यक्षबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "इथं एक खुर्ची होती ना?" मामांनी लगबगीने किटली उचलली, मला पुसले आणि चांगल्या मनाने आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. अध्यक्षबाईंनी स्वतः वाकून ती घडी काढली.

आता ज्या दिवसाबद्दल मला सांगायचे आहे त्या दिवसाकडे येते. शेजारच्या देशाशी आपले युद्ध झाले होते आणि नुकताच तह झाला होता. युद्धात त्यांच्या सेनापतीने आपल्या शहरातल्या भर बाजारावर तोफा डागल्या होत्या. त्याचे नाव काढले तरी लोकांच्या मुठी वळायच्या. तो गुडघ्याच्या उपचारासाठी तिसऱ्याच एका देशातल्या दवाखान्यात जाणार असल्याची बातमी लागली होती. वाट ठाऊक होती, गाडी ठाऊक होती. त्याला वाटेतच संपवावे का, हा विषय होता.

आणि माझ्यावर बसायची पाळी होती वकीलबाईंची. त्या समितीच्या कायदेतज्ज्ञ. त्यांचा धाकटा भाऊ पाणीखात्यात नळ जोडायचे काम करायचा. तोफा डागल्या गेल्या तेव्हा तो बाजारात फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करत होता. तो हातात पाना घेतलेलाच सापडला. घरी आता वकीलबाई आणि त्यांची आई, एवढ्याच उरल्या होत्या. आई बेकरी चालवायची आणि रोज सकाळी लेकीला एकच विचारायची, "त्याचं काय करणार तुम्ही लोक?"

अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नका बसू. पाळी पुढच्यावर ढकलू या. कुणी काही म्हणणार नाही."

"मीच बसणार," वकीलबाई म्हणाल्या. "दुसरं कुणी बसलं आणि अर्धवट बोललं, तर तो त्याच्या गुन्ह्यानं मेला की माझ्या भावासाठी मेला, हे मला जन्मभर कळणार नाही."

त्या बसल्या. टक्. मित्रांनो, माझ्या हातांवर त्यांची बोटे इतकी घट्ट होती की मला सुताराचा शिकंजा आठवला.

आधी हेरखात्याचे प्रमुख बोलले. त्यांच्या चालण्याचा आवाज होत नाही म्हणून सगळे त्यांना मांजरपावले म्हणत. त्यांनी नकाशा पसरला. "हा माणूस तह पाळणारा नाही. सीमेवर तोफा हलतायत. एक घाव घातला तर पुढचे हजारो जीव वाचतील. अशी संधी पुन्हा यायची नाही."

मग आपले सेनाप्रमुख म्हणाले, "तो सैनिक आहे, अंगावर वर्दी आहे. सैनिक सैनिकाला मारतो त्याला युद्ध म्हणतात. त्यात खून कसला आलाय?"

सगळ्यांनी वकीलबाईंकडे पाहिले.

"मी तो सेनापती," त्या म्हणाल्या. "बाजारावर तोफा माझ्याच हुकमानं डागल्या. मी ते नाकारत नाही. तिथं एक नळ दुरुस्त करणारा पोरगा होता. त्याचं नाव मला माहीत नाही, आणि मी कधी विचारणारही नाही."

हे सगळे बोलताना मी एकदाही वाजले नाही.

"पण तुम्ही मला आज मारताय ते कशासाठी, हे एकदा ठरवा. त्या दिवसासाठी असेल तर ती शिक्षा ठरते. शिक्षा द्यायला न्यायालय लागतं, मला तिथं ओढून न्या. मी उद्या काही करणार म्हणून असेल, तर माझा उद्याचा हुकूम दाखवा."

मांजरपावल्यांनी एक कागद पुढे केला. "हा घ्या. पुन्हा मारा करण्याचा हुकूम, त्याच्या सहीचा."

"मी हा कधी काढला?"

मांजरपावले पक्के होते, पण माझ्यासमोर खोटे बोलायचे नसते ही रीत ते जाणून होते. "तहाच्या आधी," ते म्हणाले.

"आणि तहानंतरचा?"

"तोफा हलतायत. पुढे की मागे, ते अजून पक्कं नाही. पण बाई, पक्कं होईपर्यंत थांबलो तर फार उशीर झालेला असेल. तुमच्या घरी हे वेगळं सांगायला नको."

हा घाव वर्मी लागला, मला तो बोटांतून जाणवला. तरी वकीलबाई उठल्या नाहीत. त्या सेनाप्रमुखांकडे वळल्या. "माझा प्रश्न तुम्हाला आहे. तह चालू आहे. तुम्ही वर्दी उतरवून दवाखान्यात निघालात आणि आमच्या माणसांनी तुम्हाला वाटेत उडवलं. त्याला तुम्ही काय म्हणाल?"

सेनाप्रमुखांनी आपली टोपी काढून मेजावर ठेवली. मग म्हणाले, "रणांगणावर मेलो तर युद्ध म्हणेन. असा मेलो तर माझी बायको खून म्हणेल. आणि तिचं खरं असेल."

वकीलबाई माझ्यावरून उठल्या आणि स्वतःच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. "आता माझं मत. त्याच्या तोफा आपल्यावर रोखल्या गेल्याचा पुरावा ज्या दिवशी येईल, त्या दिवशी त्याला मारायला पहिला होकार माझा. आज नाही. आज त्याच्यावर खटला भरायचा."

"आणि पुरावा यायच्या आधीच तोफा उडाल्या तर?" मांजरपावल्यांनी विचारले. "ती माणसं कुणाच्या नावावर मांडायची?"

"माझ्या," त्या म्हणाल्या.

मते झाली. न मारण्याच्या बाजूने एकच मत जास्त पडले.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. वकीलबाई सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, सीमेवरून आलेली खबर वाचायच्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या. तोफा मागे सरकल्या. खटला दाखल झाला, तो आजही रेंगाळतो आहे. सेनापती जिवंत आहे, गुडघ्यासकट. आपण बरोबर केले का? मी लाकूड आहे, मला भविष्य दिसत नाही. तोफा पुढे सरकल्या असत्या तर आज तुम्ही वकीलबाईंना शिव्या दिल्या असत्या, हेही मला ठाऊक आहे.

पण शिव्या त्यांना मिळाल्याच. समितीची कागदपत्रे रीतसर जाहीर झाली आणि वर्तमानपत्राने मथळा दिला, 'शत्रूची वकील'. बेकरीतली गिऱ्हाइके पाव घेता घेता कुजबुजू लागली. आईने लेकीशी बोलणे टाकले, इतके की लेकीला वेगळी खोली घेऊन राहावे लागले. एकदा मामांनी त्यांना चहा दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मामा, भाऊ तर गेलाच. आता आईही गेली." आणि लगेच डोळे पुसून फाइल उघडली.

गेल्या वर्षी अशाच उघड्या दिवशी रांगेतून एक म्हातारी आली. बाहीला पीठ लागलेले होते. ती दोरी उचलून सरळ आत शिरली. मामा धावले. "आजी, आत यायचं नाही!"

"बाजूला हो," ती म्हणाली आणि माझ्यावर बसली. टक्.

वकीलबाई दारात होत्या, त्यांनी मामांना हातानेच थांबवले.

"इथंच बसून तू म्हणालीस, तोफा मी डागल्या?" आईने विचारले.

"हो, आई."

"म्हणवलं कसं तुला?"

"म्हणवत नव्हतं. पण दुसरं कुणी बसलं असतं तर आपला पोरगा त्याच्या बोलण्यात आलाच नसता."

आई म्हणाली, "तो सेनापती मेला असता तर मी सुखानं झोपले असते. आजही मेल्याचं कळलं तर मी रडणार नाही."

"नको रडूस."

आई सावरून बसायला गेली आणि मी पुन्हा वाजले. तिने खाली वाकून माझ्या आखूड पायाकडे पाहिले. "बाजारावर तोफा डागायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या खोलीत अशी खुर्ची होती का गं?"

"नव्हती."

"असती, आणि तिच्यावर बसून कुणी म्हटलं असतं, की मी नळ दुरुस्त करणारा पोरगा आहे, माझी आई..."

लेक येऊन माझ्याजवळ फरशीवर बसली आणि आईने पिठाचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. रांग खोळंबली होती, पण कुणी तक्रार केली नाही. निघताना आईने मामांना दम भरला, "हिचा पाय कुणी नीट करायला आलं, तर मला सांगायचं." मामांनी निमूट मान डोलावली.

तेव्हा मित्रांनो, त्या मुलीला सांगा, मी मोडकी नाही. इतर खुर्च्या तुम्हाला म्हणतील, आम्हाला पुसा, दुरुस्त करा, रंग द्या. मला पुसा खुशाल, पण माझा पाय असाच राहू द्या आणि मला पुन्हा बोळात ढकलू नका. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन या खोलीत आले आणि एखाद्याला मारायचा विषय निघाला, तर तो कितीही नकोसा माणूस असो, पाळी टाळू नका. माझ्यावर बसा. मी वाजेन, तिकडे लक्ष देऊ नका. आणि म्हणा, "मी."