आत्याचा हुंकार

आत्याचा टायपिंगचा क्लास बंद झाला आणि भंगारवाला मशिनं उचलायला आला, तेव्हा मला रडू आवरेना. आत्या मात्र खुर्चीत बसून त्याला मोठमोठ्याने हुकूम सोडत होती. "खालून धर रे, खालून! काचेचं भांडं आहे का ते, एवढं घाबरतोयस!"

दुसऱ्या दिवशी दादा, म्हणजे तिचा मुलगा, तिला आपल्या गावी कायमचं घेऊन जाणार होता. माझ्या पिशवीत मी लिहिलेली एक गोष्ट होती. बाबांची. आत्याकडून ती पास करून घ्यायची ही शेवटची संधी होती.

मी लिहायला शिकले ती याच खोलीत. बाबा गेले, आई नोकरीला लागली, आणि शाळा सुटली की माझी रवानगी आत्याकडे होऊ लागली. भिंतीलगत मशिनांच्या दोन रांगा, रिबिनींच्या शाईचा आणि तेलाचा वास, आणि खडखडाट तर असा की शेजारचा शिंपी म्हणायचा, "बाई, तुमच्या क्लासपायी माझं मशीन चालू आहे की बंद तेच मला कळत नाही." आत्या रांगांमधून फिरायची ती प्रत्येक टेबलावर तळहात टेकवत. कुणाची बोटं अडखळतायत ते तिला तेवढ्यावरून समजायचं. बाईंच्या हातालाच कान आहेत, असं मुलं म्हणायची.

शनिवारी क्लास दुपारीच सुटायचा. मशिनांवर झाकणं चढली की खोली एकदम चिडीचूप व्हायची आणि आत्या म्हणायची, "हं, लेखिकाबाई, काढा काय आणलंय ते." लेखिकाबाई तेव्हा फ्रॉकमध्ये होत्या आणि त्यांचे पाय स्टुलावरून जमिनीला टेकत नव्हते.

बसायच्या जागा ठरलेल्या. तिची खिडकीला पाठ, माझं खिडकीकडे तोंड. उन्हाने माझे डोळे दिपायचे, पण जागा बदललेली तिला खपायची नाही. आणि नियम एकच. सांगणाऱ्याला हुंकार लागतो, तो तिने द्यायचा. परिच्छेद वाचून झाला की मी मान वर करायची. पटला असेल तर ती "हं" म्हणणार. नसेल तर गप्प. ती गप्प राहिली की गोष्ट तिथेच थांबली. घरी जाऊन तो परिच्छेद नव्याने लिहायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काय चुकलं, ते ती जन्मात सांगायची नाही. "मला काय विचारतेस? लिहिलंयस तू, तुला माहीत."

मी पाय आपटायचे. "जा, तुला वाचूनच दाखवणार नाही," म्हणायचे, आणि पुढच्या शनिवारी कागद घेऊन हजर. कारण घरी जाऊन बघितलं की नेमकी तिथेच काहीतरी भानगड निघायची. जन्मात न पाहिलेल्या समुद्राचं मी पानभर वर्णन केलेलं असायचं. नाहीतर एखादी बाई ढसाढसा रडत असायची, आणि तिच्या रडण्याचं कारण एवढंच की मला शेवट सुचत नव्हता. असं करता करता हात बसला. मासिकांत गोष्टी आल्या, पुढे पुस्तकं निघाली. कुणी विचारलं, कुठे शिकलात लिहायला, तर मी सांगायचे, टायपिंगच्या क्लासात. लोकांना तो विनोद वाटायचा.

बाबांची गोष्ट तेवढी अडून बसली होती. दर काही वर्षांनी मी ती बाहेर काढायचे. आत्याचे हुंकार छान पडत जायचे, आणि मग तो परिच्छेद यायचा. बाबा अंथरुणावर आहेत. मला जवळ बोलावतात, डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "शहाणी हो." मी मान वर करायचे. आत्या गप्प.

काय काय म्हणून केलं नाही मी! "शहाणी हो" काढून "आईला सांभाळ" घातलं. मग बाबांना बोलूच दिलं नाही. संध्याकाळची पहाट केली. एकदा तर खिडकीत एक पक्षी आणून बसवला. आत्या ढिम्म. शेवटी मी मनाची समजूत घातली, की सख्खा भाऊ गेला, तिला ऐकवत नसेल.

तर त्या दिवशी भंगारवाला गेला आणि रिकाम्या खोलीत आम्ही दोघी उरलो. टेबलं होती तिथली फरशी अजून स्वच्छ दिसत होती. आत्याने सवयीने खुर्ची खिडकीपाशी ओढली. मी स्टुलावर बसून वाचायला लागले. हं. हं. मग तो परिच्छेद. मी वर बघितलं. गप्प.

"आत्या," मी म्हणाले, "उद्या तू चाललीस. आज तरी हं म्हण ना गं."

ती नुसती बघत राहिली. तेवढ्यात तिच्या मागच्या खिडकीत बाहेरून दादा येऊन उभा राहिला. "आई!" त्याने हाक मारली. पुन्हा मारली. मग गज खडखडवले. आत्याने मानसुद्धा वळवली नाही.

"बघितलंस?" तो आत येऊन मला म्हणाला. त्याच्या हातात एक लहानशी डबी होती. "कानाचं मशीन आणलंय. घालेल तर शपथ."

"कमी ऐकू येतं का आता?"

"आता? डॉक्टर म्हणाले, मी शाळेत होतो तेव्हाच निम्मे कान गेले असतील. त्या खडखडाटात बसून बसून. ओठांवरून ओळखते गं ती. समोर उभं राहून बोल, सगळं कळतं. मागून तोफ डागलीस तरी पत्ता नाही."

मी तिच्याशी नेहमी समोर बसूनच बोलत आले होते. तिचं मोठ्याने बोलणं आम्ही क्लासच्या खात्यावर टाकलं होतं. पण गोष्टी? त्या तर मी कागदात मान घालून वाचायचे.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "म्हणजे माझी एकही गोष्ट तू ऐकली नाहीस?"

"पहिल्या पहिल्या ऐकल्या की," आत्या म्हणाली. चोरी पकडली गेल्याचं तिच्या चेहऱ्यावर नावसुद्धा नव्हतं. "पुढच्या बघितल्या. छापून आल्यावर सगळ्या वाचल्यात, चष्मा लावून."

"मग हं कशावर म्हणायचीस?"

"तुझ्या तोंडावर. खरं लिहिलेलं असलं की तू आरामात मान वर करतेस. थाप मारलीस की आधी ओठ चाटतेस, मग माझ्याकडे बघतेस. साखर खाऊन 'नाही खाल्ली' म्हणायचीस ना, अगदी तश्शी."

दादा हसला. मला हसू येईना. मला राग आला होता, आणि राग कुणाचा तेही कळत नव्हतं. एवढी वर्षं मी शब्द उलटेपालटे करत बसले, पक्षी आणून बसवले, आणि समोरच्या बाईला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे ही गोष्ट कशाची आहे, तेसुद्धा तुला माहीत नाही?"

"नाही बाई. तू कधी छापलीच नाहीस. कशाची आहे?"

"बाबांची."

आत्याच्या तोंडावरची मिस्किली गेली. तिने हात मांडीवर घेतले. दादाने डबी खिडकीत ठेवली आणि चहा टाकतो म्हणून आत निघून गेला.

मी कागद स्टुलाखाली ठेवले. स्टूल पुढे ओढून तिच्या अगदी समोर बसले, तिला माझे ओठ दिसतील असं. ऊन डोळ्यांवर येत होतं, ते येऊ दिलं.

"बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हतेच," मी म्हणाले. "मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. कुणी बोलवायला आलं नाही. डोक्यावर कुणी हात ठेवला नाही. मी काकूंशी पत्ते खेळत होते, आणि जिंकत होते."

एवढं बोलून मी थांबले. आत्याचे डोळे भरून आले होते, पण तिने ते माझ्यावरून काढले नाहीत.

"हं," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मिळालं. पण ती आणखी पुढे वाकली, आणि आजवर कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली.

"मग?"

पुढचं मी कधी लिहिलंच नव्हतं. लिहायला काही आहे, हेही माहीत नव्हतं.

"मग काकूंच्या दारात कुणीतरी येऊन हळू आवाजात काहीतरी बोललं," मी म्हणाले. "काकू परत आल्या, खाली बसल्या, आणि पुढचा डाव मुद्दाम हरल्या."