काचेवरचा अंगठा

भोरच्या कॉलेजात शगुफ्ता काचा द्रावणात बुडवून त्यांच्यावर सौरघटासाठी कॅडमियम सल्फाइडचे पिवळेधमक थर चढवायची. तिथल्या प्रयोगशाळेच्या निगडे सरांनी ते सगळं काम शोधनिबंधात एकट्याच्या नावावर छापलं. तिनं विचारलं, तर हसून म्हणाले, "काचा धुणारीचं नाव छापतात होय गं?"

ती डूख धरून राहिली.

आज तेच काम बघायला पुण्याहून तपासणी समिती आली. सर ऐटीत म्हणाले, "काच धुऊन आण, थर मी चढवतो." तिनं काच लख्ख धुतली, वाळवली. मग अब्बांच्या कापूरहोळच्या गॅरेजातून डबीत आणलेलं ग्रीस अंगठ्याला चोळून तो काचेच्या मधोमध टेकवला. तेलकट जागी थर धरत नाही, म्हणून काच बुडवण्याआधी उजेडात बघायची असते. सरांनी कधी बघितली होती? त्यांनी ती तशीच बुडवली.

तासाभरानं त्यांनी काच समितीसमोर मिरवत खिडकीशी धरली. पिवळ्या थरात रेघान्‌रेघ दिसणारा अंगठा!

"हा कुणाचा?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"माझा," शगुफ्ता पुढं होत म्हणाली. "सर नाव छापत नाहीत, म्हणून अंगठा उठवला."