बेडकाचे पट्टे

"टोचतंय म्हणजे नेमकं कुठं, ते सांगाल की नाही?" मावशींनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. खुर्चीवरून उतरलेला तिसरा गडी मांडी चोळत नुसताच हसला.

ही खुर्ची म्हणजे बेडूक. एका जाड स्प्रिंगच्या पायावर उभी, चंद्रावर माणसाला उड्या मारत नेणारी. चंद्रावर फिरायचं कसं, याबद्दल त्या काळी ज्याच्या त्याच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. कुणी म्हणे दुचाकी न्यावी, कुणी म्हणे भला मोठा चेंडू करून माणसाला त्यात कोंबावं. या कारखान्याने बेडूक धरला होता, जोडीला कोपऱ्यात एक चार चाकांची गाडीही उभी केली होती. बेडकावर बसणाऱ्याला बांधून ठेवणारे पट्टे मावशी शिवत होत्या. चंद्रावर माणसाचं वजन सहावा हिस्साच भरतं, म्हणून चाचणीच्या वेळी बाकीचा भार छताला बांधलेले दोर पेलत.

उद्या वरचे लोक बघायला येणार होते. पट्टे असेच टोचत राहिले तर मावशींचं काम दुसरीकडे जाईल, असं इंजिनिअर साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. सांगताना बिचाऱ्यांना स्वतःलाच कसंतरी झालं होतं.

खरं तर पट्टा स्वतः बांधून बघितला की दुखणं लगेच कळतं. पण मावशींचा डावा पाय लहानपणच्या आजारात आखूड राहिलेला. काठीशिवाय चालणं नाही. चारचौघांत दोराला लटकायचं म्हणजे शोभाच, म्हणून आजवर त्यांनी ते टाळलं होतं. आज मात्र इलाज नव्हता. त्यांनी काठी शिलाई मशीनला टेकवली, खडू हातात घेतला आणि म्हणाल्या, "बांधा मला."

पहिल्याच उडीला सापडलं. खाली येताना अंग कलतं आणि मांडीखालच्या शिवणीची गाठ रुतते. मावशींनी तिथं खडूची रेघ ओढली.

तेवढ्यात बेडकाने पुन्हा उसळी घेतली. आणि वर, दोरांच्या आधाराने, मावशींचे दोन्ही पाय अलगद लोंबत राहिले. आखूड कोणता, लांब कोणता, काही फरकच नव्हता. छातीत आनंद मावेना. लग्नातसुद्धा एवढ्या खूश नव्हत्या त्या.

"मावशी, सापडलं का? उतरवू?" खालून साहेबांनी विचारलं.

"छे, अजून नाही. आणखी थोडं घ्या."

कामात खोटं बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ. खडूची रेघ साहेबांना खालून लख्ख दिसत होती. पण त्यांनी दोर ओढणाऱ्यांना पुन्हा वर घ्यायची खूण केली.

संध्याकाळपर्यंत मावशींनी गाठ उसवून शिवण बाजूला घेतली. दुसऱ्या दिवशी बेडूक मजेत उडाला, पट्टा कुणालाच टोचला नाही. वरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पसंत केली ती चार चाकांची गाडी. बेडूक बाद झाला. मावशींना वाटलं, कुणीतरी आपलीच खुर्ची काढून घेतली.

दुपारी साहेब त्यांच्या टेबलाशी आले. गाडीचे पट्टेही तुम्हीच शिवायचे, म्हणाले. मावशींनी मान डोलावली. मग दोऱ्याला पीळ देत, वर न बघता त्यांनी विचारलं, "साहेब, ते पट्टेही दोराला लटकूनच बघावे लागतील ना?"

साहेबांनी कोपऱ्यातल्या गाडीकडे पाहिलं. तिची चारही चाकं जमिनीवर घट्ट होती.

"लागतील की," ते म्हणाले, आणि छताचे दोर काढून टाकायला शिडीवर चढलेल्या माणसाला त्यांनी खाली उतरायला सांगितलं.