आजींच्या गुडघ्यासाठी मला काढलं

मित्रांनो, मी एक जुना बाथटब आहे. या घराची स्वच्छता बत्तीस वर्षं माझ्या खांद्यावर उभी होती. तसे मला खांदे नाहीत, आणि सध्या मी परसात पडलो आहे. माझ्यात चिमट्यांची टोपली ठेवली आहे.

मी बिडाचा, वरून पांढरा मुलामा. मी या घरात आलो तेव्हा मला चौघांनी उचललं आणि चौघांनीही माझ्या जन्मदात्यांचा उद्धार केला. पुढे इथली मुलं माझ्यात कागदी होड्या बुडवत मोठी झाली. तेव्हा माझं फार कौतुक होतं. मग माझ्यात पडदे भिजत पडू लागले. तक्रार नाही. थोडी आहे.

अडचण आजींच्या गुडघ्यांची होती. माझा काठ ओलांडायला त्यांना सुनेचा हात धरावा लागे. "मला कडी लावून एकटीनं अंघोळ करायचीय गं," त्या म्हणायच्या. "एवढंच मागणं आहे माझं." मागणं रास्त होतं. माझ्या जागी शॉवर बसवायचं ठरलं आणि मी जायला तयार होतो.

प्लंबर आला, वाकून बघून म्हणाला, "साहेब, टबाचं पाणी जायचा पाइप फरशीच्या वरून गेलाय. शॉवर जमिनीलगत हवा तर फरशी फोडावी लागेल."

"फरशीला हात लावायचा नाही!" आजींचा मुलगा म्हणाला. "गेल्या वर्षी मी स्वतः निवडलीय."

"मग खाली चौथरा बांधावा लागेल."

"बांधा की!"

"अहो, पण आईंचा पाय..." सून दारातून म्हणाली.

"तू थांब गं, आम्ही मापं घेतोय."

मापं खरंच घेतली, मित्रांनो. शॉवरभोवतीच्या काचेची घेतली, साबणाच्या कोनाड्याचीसुद्धा घेतली. मला ओरडावंसं वाटलं. पण माझा आवाज निघतो तो फक्त पाणी जाताना, आणि पाणी त्यांनी आधीच बंद केलं होतं.

मी परसात आलो, माझ्या जागी चौथरा झाला. पाचव्या दिवशी आजी टॉवेल घेऊन मोठ्या उत्साहाने आत गेल्या. काचेपुढे थांबल्या. खाली बघितलं.

"अरे," त्यांनी मुलाला हाक मारली, "त्या टबानं तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

मग सुनेला हाक मारली. हात धरायला.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर काढा. फक्त जिच्यासाठी काढताय, त्या माणसाला आधी एकदा तिथे उभं करून बघा.

माझा काठ चौदा इंच होता. चौथरा आणि त्यावरची कड मिळून पंधरा आहे.