कोटाची पाठ

"आज तरी पाठ नको हं, बाई," पेटीवाले दारातूनच म्हणाले. "चार वाजता माती आहे. नुसतं पुढचं उरका."

शवपेट्या विकणाऱ्या या गृहस्थांसाठी ती तेवीस वर्षं मृतांचे कपडे शिवत होती. धंद्याची रीत अशी, की मृताच्या कोटाला पाठ नसते. पुढचा भाग, बाह्या, कॉलर आणि मागे बांधायला दोन नाड्या. पेटीत निजलेल्या माणसाची पाठ बघायला कोण जातंय? तिनं मात्र एकही कोट तसा शिवला नव्हता.

"झोपलेत ना ते? मग उठतील की," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "उठल्यावर चारचौघांत उघड्या पाठीनं फिरायचं का त्यांनी?"

पेटीवाले हसले होते. तिनं मात्र ते हसण्यावारी नेलं नव्हतं. मेलेले पुन्हा उठतील, असं दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर ती म्हणे, आणि सोमवारी त्याच हिशेबानं कापड कापी.

"कुणाचा आहे?" तिनं गळ्यात टेप टाकत विचारलं.

पेटीवाल्यांनी मापाची चिठ्ठी मशीनवर ठेवली. "मास्तर गेले." मग जरा घुटमळले. "तुमचं त्यांचं ठाऊक आहे मला. नको असेल तर दुसरीकडे देतो. पण लेक म्हणते, बाबांनी तुमचंच नाव घेतलंय. कापड घेऊन येतेच आहे ती."

तिनं चिठ्ठी उचलून मशीनच्या खणात ठेवली.

मास्तरांनीच आपल्या शिवणाच्या दुकानात तिला कात्री धरायला शिकवलं होतं. 'पाठ बसली की कोट बसला,' हे त्यांचंच वाक्य. पुढे एका गिऱ्हाइकाचं तांबड्या रेघेचं कोटाचं कापड हरवलं आणि मास्तरांनी भर दुकानात तिच्याकडे बोट दाखवलं. ती रडली, तिनं शपथा घेतल्या. उपयोग झाला नाही. त्यानंतर जिवंत माणसानं तिच्याकडे कापड टाकलं नाही. "मेलेलं गिऱ्हाईक चोरीचा आळ घेत नाही," असं ती हसून सांगे. चर्चमध्ये मास्तर नेमके तिच्या पुढच्या बाकावर बसत. त्यांच्या वाकलेल्या पाठीआडून पाळक दिसावेत म्हणून ती उजवीकडे झुकून बसे.

लेक आली. डोळे सुजलेले. "मावशी, याचाच शिवायचाय. बाबांनी जपून ठेवलं होतं."

तिनं घडी उलगडली. राखाडी कापड, त्यावर बारीक तांबडी रेघ. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तीन टाके. गिऱ्हाइकाचं कापड आलं की ओळखीसाठी असे टाके तीच घालत असे.

"हे कुठं मिळालं त्यांना?"

"दुकानातलं कपाट हलवलं ना, त्याच्या मागे पडलं होतं. मी तिसरीत असेन तेव्हा."

आता लेकीची मुलगी तिसरीत होती.

"काही म्हणाले?"

"कोट तिलाच शिवू दे, एवढंच. का म्हणून विचारलं, तर भिंतीकडे तोंड केलं." लेक थांबली. "तुमचं काही बिनसलं होतं का, मावशी?"

तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. "कामातली कुरबुर गं. जा तू, घरी माणसं आली असतील. तीनला तयार ठेवते."

लेक गेली. ती कापडासमोर उभी राहिली. बिनपाठीचा कोट केला तर निम्मं कापड उरत होतं, टाक्यांसकट. चर्चच्या दारात ते नुसतं हातात धरलं असतं तरी पुरे होतं. दुकानातल्या जुन्या कामगारांनी ते टाके लगेच ओळखले असते. पूर्ण कोट केला तर चिंधीही उरणार नव्हती.

अर्धा तास तिनं कात्री उचलली नाही.

"एक शब्द बोलला असतात, मास्तर," ती कापडाला म्हणाली, "तर जीभ झडली असती का?"

उत्तर आज मिळणार नव्हतं. पण मिळणार होतं. ते उठतील, तीही उठेल, आणि हा प्रश्न ती त्यांना समोरासमोर विचारणार होती. त्या वेळी मास्तर उघड्या पाठीनं, अंग चोरत उभे असलेले तिला चालले नसते.

तिनं खडू घेतला. पाठीचं माप चिठ्ठीत नव्हतं. ते तिला लागलंही नाही. डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच खाली, मानेखाली बाक. टाक्यांचा कोपरा पाठीत गेला, त्यावर अस्तर बसलं.

तीनला पेटीवाल्यांनी कोट उलटा करून पाहिला. "केलीतच शेवटी पाठ! आणि ही आत एवढी दुमड कसली?"

"वाकलेले होते ना ते. उठतील तेव्हा ताठ असतील. उसवून कोट सैल करता यावा."

"आणि उसवणार कोण?"

"मीच की. मी काय तोवर इथेच बसणार आहे, भाऊ?"

चार वाजता ती आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. पुढचा बाक रिकामा होता. पाळक, पेटी, पेटीवरची फुलं, सगळं सरळ समोर दिसत होतं. प्रार्थना संपेपर्यंत ती उजवीकडे झुकूनच बसली होती.