डाव्या कोपऱ्यातलं झाड

पेल्हॅमसाहेब टोपी काढून आत आले आणि समोरच्या भिंतीवर त्यांना स्वतःच काढलेलं चित्र दिसलं. घर मातीच्या ढेपा रचून बांधलेलं होतं. भिंतींची माती गळू नये म्हणून थर्झाने आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती, आणि खिडकीशेजारी रेल्वे कंपनीच्या जमीनविक्रीच्या पुस्तिकेतलं एक रंगीत पान. पानावर निळा ओढा, चरणाऱ्या गाई आणि डाव्या कोपऱ्यात डेरेदार ओकचं झाड.

"तुमचंच ना हे?" थर्झाने विचारलं. "खाली सही आहे."

"माझंच."

"मग झाड कुठंय ते सांगून टाका," तिचा नवरा लायनस दारात बूट झटकत म्हणाला. "नेब्रास्कात आल्यावर पहिला आठवडा मी तेच शोधत होतो. त्याच्या सावलीत घर बांधणार होतो ना आम्ही. जमीन कचेरीतल्या कारकुनाला विचारलं, तर म्हणतो, सापडलं तर मलाही कळवा."

पेल्हॅम हसले नाहीत. "मी हे शिकागोत काढलं. फेब्रुवारीत, शेगडीजवळ बसून. समोर मोजणीदाराची टिपणं होती, बस. डाव्या कोपऱ्यात झाड घालायची आमच्याकडे पद्धतच आहे. त्याशिवाय बघणाऱ्याच्या नजरेला टेकायला जागा मिळत नाही."

"आणि ओढा?"

"ओढा कंपनीने सांगितला."

"आमचा ओढा एकशे ऐंशी फूट खाली आहे, साहेब. बादलीत बसून वर येतो," असं म्हणून लायनस घोड्यांकडे गेला.

नव्या पुस्तिकेसाठी या खेपेला कंपनीने पेल्हॅमना प्रत्यक्ष पाठवलं होतं. जवळपास दुसरं घर नसल्यामुळे तीन दिवस त्यांचा मुक्काम इथेच होता. थर्झाला त्यांचा राग आला नव्हता. गारांनी मका झोपवला त्या वर्षी भांडी घासताना तिने त्याच ओढ्याकडे बघत दिवस काढले होते. तो खोटा आहे हे तेव्हा तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्यासमोर पत्र घेऊन बसली. पत्र ओहायोहून, तिची थोरली बहीण एडा हिचं. एडाचा नवरा गेल्या वर्षी वारला होता. 'वडिलांची सफरचंदाची बाग विकून तुझ्याकडे येऊ का? तुझी पत्रं म्हणजे हवामानाचा अहवाल. एखादं चित्र पाठव, ते बघून ठरवेन.'

थर्झाला सहावा महिना होता. आधीचं मूल दोन वर्षांपूर्वी जानेवारीत झालं. शेजारीण नऊ मैलांवर, वाटेत बर्फ, जवळ फक्त लायनस. मूल दोन तास जगलं. एडाला तिने तेही कळवलं नव्हतं आणि हेही नाही. नोव्हेंबरअखेर बाळंतपण, त्याआधी एडा इथे हवी, एवढंच तिच्या मनात होतं.

"तिच्यासाठी एक काढून द्याल?" ती म्हणाली. "झाडासकट. ओढाही असू द्या."

पेल्हॅमनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कागद घेतला. तासाभरात चित्र झालं. हात सरावाचा होता. पानांतून ऊन गळत होतं, पाण्यात ढग उतरला होता. हे बघून एडा त्याच दिवशी बाग विकेल, याबद्दल थर्झाला शंका राहिली नाही. मग एडा स्टेशनवर उतरेल, पेटी खाली ठेवेल आणि मान वळवून बघू लागेल. त्या पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी परत येणाऱ्या लायनसचा चेहरा थर्झाने पाहिला होता.

"दुसरं काढा," ती म्हणाली. "इथून दिसतं तसं."

पेल्हॅम बाहेर स्टूल टाकून बसले. तीनदा रेघ ओढली, तीनदा खोडली. "बाई, इथे काढायला काही नाहीच हो."

"आहे. तुम्ही रेघ सरळ ओढताय, ती सरळ नाही. तिकडे खोलगट आहे बघा, हरणं तिथूनच वर येतात. गवतही एका रंगाचं नाही. आखूड आहे ते राखाडी, उंच वाढलंय ते लालसर, आणि पाणी साचतं तिथे निळसर. आज वारा आहे, ढगाची सावली त्या चढावरून विहिरीपर्यंत यायला अकरा मिनिटं घेईल."

"मोजलीत?"

"इथे दुसरं काय मोजायचं?"

दुपारपर्यंत कागदावर माळ उतरला. बराचसा कागद आभाळानेच व्यापला होता. पेल्हॅम कुंचला हातात धरून थांबले. "अंतर कळत नाही अजून. काहीतरी उभं पाहिजे."

"मी राहते उभी," असं म्हणून ती विहिरीपाशी गेली.

"शाल पुढे घेता का जरा?"

"नको. आहे तसं काढा."

रंग वाळल्यावर पेल्हॅमनी कंपनीसाठी त्याची एक नक्कल केली. निघताना ते हळूच म्हणाले, "हे पाहून तुमची बहीण यायची नाही."

"नाही आली तर नाही," थर्झा म्हणाली. गुंडाळीला दोरी बांधताना गाठ मात्र तिला दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली. झाडाचं चित्र तिने चुलीत घातलं.

ऑक्टोबरमध्ये नवी पुस्तिका स्टेशनवर आली. आभाळ तेच होतं, खोलगट भाग तोच, गवताचे तिन्ही रंगही बरोबर होते. विहिरीच्या जागी ओढा होता आणि बाईच्या जागी ओक. त्याच आठवड्यात सहा माणसांचं एक बिऱ्हाड गाडी थांबवून ओढ्याची वाट विचारू लागलं. लायनसने विहिरीत बादली सोडली आणि सगळ्यांना पोटभर पाणी पाजलं.

त्यानंतर चार दिवसांनी एडाचं पत्र आलं. थर्झाने ते दारातच उभ्याने वाचलं.

'चित्र मिळालं. जमीन अजून नीट पाहिलेली नाही. विहिरीपाशी उभी आहे ती तूच ना? कितवा महिना? आणि हे मला एका परक्या माणसाच्या कुंचल्याने कळावं का गं? बाग विकली नाही, भाड्याने दिली आहे. उन्हाळ्यापर्यंत राहीन, पुढचं पुढे बघू. नोव्हेंबरच्या पाच तारखेला लायनसला स्टेशनवर पाठव. तू येऊ नकोस, गाडीत धक्के बसतात.'